करोल बागेचं लाडकं गिऱ्हाईक

करोल बागेनं माझ्या नणंदेइतकं दिलदार गिऱ्हाईक तिच्या आधी पाहिलं नव्हतं आणि तिच्यानंतर पाहील असं मला वाटत नाही. ती बाजारात शिरली की दुकानदारांचे चेहरे असे उजळायचे, की एखाद्याला वाटावं आजच लक्ष्मीपूजन आहे. साड्यांच्या दुकानातले म्हातारे लालाजी गल्ल्यावरून उठून पायरीपर्यंत यायचे, 'आओ बेटी, बैठो' म्हणायचे, आणि ती गादीवर नीट टेकायच्या आत चहा, पंखा आणि साड्यांचा ढीग तिच्यासमोर हजर व्हायचा. आता कुणीही शहाणी बाई वीस साड्या बघते आणि एकही न घेता उठते. ताईला ते जन्मात जमलं नाही. उलगडलेल्या साडीची दुकानदार पुन्हा घडी घालू लागला की तिला बघवायचं नाही. "एवढं उलगडून दाखवलं त्यानं वहिनी, आता तसंच उठायचं? काय वाटेल त्याला?" मी म्हणायची, अहो ताई, त्याचा धंदाच आहे तो. "धंदा असला म्हणून काय झालं, मन नसतं का माणसाला?" आणि मग त्या माणसाच्या मनासाठी दोन साड्या, आणि त्यांच्या शेजारच्या साडीला वाईट वाटू नये म्हणून तिसरी.

ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, तरी मला वहिनी म्हणते, आणि मी लग्न होऊन पुण्याहून नोएडाला आले तेव्हापासून तिला ताई म्हणते. गुडगावच्या एका बड्या कंपनीत ती बड्या हुद्द्यावर होती. तिच्या हाताखाली किती माणसं होती ते मला कधी नीट कळलं नाही, पण फोनवर ती त्यांना 'चलो, डन, बिल्कुल' असं तीन शब्दांत गार करायची. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि आमच्या सासूबाईंनी कुणाला विचारू दिलं नाही. गुडगावात तिचा स्वतःचा फ्लॅट होता, अठराव्या मजल्यावर. त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर ही बघण्यासारखी गोष्ट होती. स्वयंपाक म्हणून ताईला चहा येत असे, तोही सगळ्याच वेळी नाही. पण ओट्यावर अंडी उकडायचं यंत्र, विजेवर चालणारा चकलीचा सोऱ्या, दही लावायचं यंत्र आणि भिंतीत बसवलेला भलामोठा ओव्हन असं सगळं होतं. एकदा मी केक करावा म्हणून तो ओव्हन उघडला, तर आत पर्सा. नीट रचून ठेवलेल्या. "धूळ बसत नाही गं तिथे," ताई म्हणाली. बाल्कनीत घरघंटी होती. घरघंटी घेतली त्याला वर्षं झाली, गहू मात्र कधी घेतले नाहीत, आणि त्या घरघंटीवर मनीप्लांटची कुंडी अशी शोभायची की जणू ते यंत्र त्यासाठीच बनलं होतं.

तिच्यासमोर शिंकायची सोय नव्हती. तुम्ही शिंकलात की तिसऱ्या दिवशी तुमच्या दारात वाफ घ्यायचं यंत्र, लोकरीचे मोजे आणि मधाच्या बाटल्या येऊन पडायच्या. आमच्या शेजारणीनं एकदा तिच्या छत्रीचं कौतुक केलं. ताईनं ती तिथल्या तिथे तिच्या हातात दिली आणि परत जाताना वाटेत स्वतःला दोन घेतल्या, पुन्हा कुणी कौतुक केलं तर हाताशी असावी म्हणून. आणि या सगळ्यात तिला आपण उधळ्या आहोत असं क्षणभरही वाटत नसे. उलट दर सेलनंतर तिचा फोन यायचा, "वहिनी, आज मी चिक्कार पैसे वाचवले!" म्हणजे ज्या वस्तूची मूळ किंमत अमुक होती ती तिनं निम्म्यात घेतली होती, आणि उरलेलं निम्मं तिच्या हिशेबी बचतीत पडलं होतं. माझा नवरा एकदा म्हणाला, "ताई, तू अशीच वाचवत राहिलीस तर एक दिवस घर विकावं लागेल." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. तीही हसली होती, सगळ्यात मोठ्यानं.

हे तिच्यात कुठून आलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वडील फौजेत सुभेदार, साताऱ्याकडच्या एका खेड्यातून भरती झालेले. दोन्ही मुलं छावण्यांमध्ये वाढली. दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची, मग काळ्या ट्रंका निघायच्या, ट्रंकेत मावेल ते आपलं आणि उरेल ते शेजाऱ्यांचं. अंबाल्याहून निघताना ताईची लाल सायकल राहिली. ती सायकल तिनं मला इतक्यांदा वर्णन करून सांगितली आहे की तिच्या घंटीचा आवाज मी ओळखू शकेन. "प्रत्येक गावात माझं काहीतरी राहिलंय," असं ती म्हणायची. पुढे एका डॉक्टरीणबाईंनीही यावर मान डोलावली होती. पण मला हे पुरतं पटत नाही. त्याच ट्रंकांबरोबर तिचा भाऊही हिंडला, आणि तो माझा नवरा एका बुटांच्या जोडीवर चार हिवाळे काढतो. तेव्हा कारण काय असेल ते असो. माणूस तसा होता, आणि तो आम्हाला फार आवडत होता, एवढं खरं.

मला पहिल्यांदा भीती वाटली ती एका दुपारी. मी गुडगावला तिच्याकडे गेले होते. बसल्या बसल्या पाय गारठले म्हणून पांघरूण शोधायला आतल्या खोलीचं दार उघडलं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या काचेपर्यंत खोकी. लहान, मोठी, लांबट, चपटी, आणि एकही उघडलेलं नाही. चिकटपट्ट्या जशाच्या तशा. मी विचारलं, "ताई, काय आहे यांत?" ती माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. "आठवत नाही गं," ती म्हणाली. "मग उघडून तर बघा!" त्यावर ती म्हणाली, "उघडलं की संपतं, वहिनी. मागवलं की बरं वाटतं. येईपर्यंत बरं वाटतं. बेल वाजते तेव्हा तर फारच बरं वाटतं. मग दार लावलं की..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "चल, चहा करते."

त्यानंतर फोन सुरू झाले. ताईला नाही, माझ्या नवऱ्याला. कर्ज घेताना तिनं कुठे कुठे त्याचा नंबर दिला होता, आणि वसुलीवाले त्याला ऑफिसच्या मीटिंगमधून उठवून त्याच्या बहिणीविषयी नको त्या भाषेत बोलू लागले. तो गुडगावला गेला. ती रडली, तिनं शपथा घेतल्या, यानं काही भार आपल्या डोक्यावर घेतला आणि घरी येऊन मला म्हणाला, "झालं, संपलं." पण काही महिन्यांनी पुन्हा तेच. त्या वेळी भावंडांची फोनवर अशी कडाक्याची भांडणं झाली की माझी मुलगी कानावर हात ठेवून बाल्कनीत जाऊन उभी राहायची. मग ताईनं फोन उचलणंच बंद केलं. आमच्याकडे येणंही थांबलं. सासूबाई आमच्याजवळ राहत असत. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती, माणूस समोर आलं की एक सावली दिसे तेवढीच. त्या रोज विचारायच्या, "ताई का गं येत नाही?" आणि आम्ही रोज सांगायचो, "काम आहे आई तिला."

आणि मग आईंची पंचाहत्तरी आली. आईंनी आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, पण त्या वेळी त्यांनी एक मागितलं. त्यांच्या सोन्याच्या पाटल्या होत्या. सासऱ्यांनी फौजेतल्या पगारातून थोडं थोडं साठवून करून दिलेल्या, अंगावरून कधी न उतरलेल्या. सासरे गेल्यावर मात्र त्यांनी त्या काढल्या आणि ताईच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला दिल्या. "त्या दिवशी तेवढ्या पाटल्या आण गं," आईंनी फोनवर लेकीला सांगितलं. "एकदा घालाव्याशा वाटतात." मला पलीकडचा आवाज ऐकू आला. "हो आई. बिल्कुल. आणते ना."

ती आली. बऱ्याच महिन्यांनी आली होती. घर भरलेलं होतं, सोसायटीतले लोक, छावणीतल्या दोन जुन्या शेजारणी, मुलं. मी औक्षणाचं ताट घेऊन उभी होते. ताई आईंच्या समोर गुडघे टेकून बसली आणि तिनं एक एक करून पाटल्या त्यांच्या हातांत चढवल्या. आईंनी हात जरा वर उचलला. मनगट हलवलं. मग तो हात तसाच थांबला.

"हलक्या झाल्या गं या," आई म्हणाल्या.

"पॉलिश करून आणल्यात आई," ताई म्हणाली. "म्हणून वाटत असेल तुला."

"असेल," आई म्हणाल्या आणि त्यांनी हात मांडीवर ठेवून दिला. मी ओवाळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई पुढे झाली नाही, ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि जेवणं व्हायच्या आतच काहीतरी कारण सांगून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईंचे केस विंचरत होते. त्या म्हणाल्या, "विकल्यात तिनं." मी फणी खाली ठेवली. "उभं आयुष्य त्या हातात होत्या माझ्या. भाकऱ्या थापल्या, धुणी धुतली, दोन बाळंतपणं केली. मला झोपेत घातल्या तरी कळेल." मी म्हटलं, "मी बोलते ताईंशी." "नको," त्या म्हणाल्या. "कुणी काही बोलायचं नाही. तिचं तिला सांगू दे." आणि त्यांनी त्या खोट्या पाटल्या उतरवल्या नाहीत. आंघोळीला नाही, झोपताना नाही. कुणी आलं की हात पुढे करून दाखवायच्या, "माझ्या लेकीनं आणून घातल्या बरं का."

पितळेचंच काम ते. काही आठवड्यांनी आईंच्या मनगटांवर हिरवे वळ उठले. मी साबणानं धुवायची, पुन्हा उठायचे. एका रविवारी सकाळी ताई आली. आईंना बेसिनपाशी हात धुवायला तिनंच नेलं. मी स्वयंपाकघरात होते. पाणी बराच वेळ वाहत राहिलं म्हणून डोकावले, तर ताईनं आईंचं मनगट दोन्ही हातांत धरलं होतं, त्यावर साबण चोळत होती, चोळत होती, आणि तिच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज येत होता. एवढी पन्नाशीला टेकलेली, गुडगावच्या काचेच्या इमारतीत माणसांना तीन शब्दांत गार करणारी बाई, तिला एक शब्द धड बोलता येत नव्हता. "आई, मी... आई, त्या पाटल्या..."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाल्या. "आधी नळ बंद कर. पाणी चाललंय."

ताईनं नळ बंद केला.

"आता बस इथे आणि सगळं सांग. एकही गोष्ट राहू देऊ नकोस."

त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. कुठलं कर्ज फेडायला कुठलं कर्ज काढलं, पाटल्या कुठल्या महिन्यात विकल्या, विकून आल्यावर त्याच संध्याकाळी काय मागवलं. तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली होती की ती वर बघत नव्हती. माझा नवरा मध्येच उठून गॅलरीत गेला. आई मात्र शेवटपर्यंत तिचा हात धरून ऐकत राहिल्या, आणि ऐकून झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, "मी तुझ्याकडे राहायला येते." आम्ही सगळे एकदम बोललो. डोळ्यांना दिसत नाही, त्या घराची सवय नाही, ताई दिवसभर ऑफिसात. आईंनी कुणाचं ऐकलं नाही. "एकटी आहे ती," एवढंच म्हणाल्या.

फ्लॅट विकावा लागला. त्या आधी ती खोली रिकामी करायला आम्ही सगळे गुडगावला गेलो. आई मधोमध खुर्चीवर बसल्या. ताई एक एक खोकं उघडायची आणि आई विचारायच्या, "काय निघालं?" "मिक्सर, आई." "कसा आहे?" "लाल आहे. तीन भांडी आहेत." पुढचं खोकं. "काय निघालं?" ताई थांबली. "मिक्सर." "तोच?" "तसलाच. हिरवा." तिसरा मिक्सर निघाला तेव्हा आईंना हसू आवरेना, आणि त्या हसल्या म्हणून आम्हीही हसलो. मग एका चपट्या खोक्यातून लहान मुलीचा फ्रॉक निघाला. पिवळा, झालरीचा. आमची मुलगी तेव्हा कॉलेजात जायच्या वयाची. "कुणासाठी घेतला गं?" आईंनी विचारलं. ताईनं तो फ्रॉक मांडीवर घेतला, त्याची झालर सरळ केली आणि म्हणाली, "आठवत नाही." त्यानंतर कुणी हसलं नाही.

विकता येईल ते विकलं, बाकीचं वाटलं. फ्लॅटच्या पैशांतून बहुतेक कर्ज मिटलं. दिल्लीतल्या द्वारकेत दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. एका इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंकडे ताई जाऊ लागली. हा नुसता वाईट स्वभाव नाही, आजारासारखा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा ताईला जेवढं बरं वाटलं तेवढी लाजही वाटली. कार्डं तिनं स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापली. फोनमधली दुकानं पुसून टाकली. पगार झाला की भाडं, हप्ते, औषधं बाजूला, आणि आठवड्याचा खर्च रोख, आईंच्या उशाच्या डब्यात. पण खरा इलाज आईंचा होता. त्यांनी एकच अट घातली होती. काहीही घ्यावंसं वाटलं तर आधी येऊन त्यांना ते सांगायचं, नीट, त्यांना डोळ्यांसमोर दिसेल असं. मग घ्यायचं तर घ्यायचं.

सुरुवातीला ताई चिडायची. "अगं, एक शाल आहे आई, त्यात सांगायचं काय?" "रंग कसला?" "जांभळा." "जांभळा म्हणजे वांग्यासारखा की जांभळासारखा?" ताई पुन्हा फोटो बघायची. "कोकमाच्या सरबतासारखा." "अच्छा. काठ?" अशी अर्धा अर्धा तास त्यांची ती शाल चालायची. काठावरची वेल, वेलीवरची पानं, पानांतली एक पोपटी रेघ. सांगता सांगता ताईचा आवाज निवत जायचा. शेवटी आई विचारायच्या, "घ्यायची?" आणि ताई जरा चकित होऊन म्हणायची, "नको. झाली बघून."

रविवारी दोघी मेट्रोनं करोल बागेत जायच्या. लेक आईचा हात धरून दुकानांसमोरून चालायची आणि काचेतलं सगळं सांगायची. मी एकदा त्यांच्याबरोबर होते. लालाजी पायरीवर आले. ताई म्हणाली, "आज लेना कुछ नहीं है, लालाजी. माँ को दिखाने लाई हूँ." लालाजींनी आईंच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि नेहमीसारख्या साड्या उलगडल्या. आई बोटांनी पोत बघत होत्या, ताई कानाशी रंग सांगत होती. मग घड्या घालायची वेळ आली. मी ताईकडे बघत होते. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट गुंफले होते, ओठ आवळले होते, आणि ती प्रत्येक साडीची घडी पुरी होईपर्यंत बघत बसली. बाहेर आल्यावर तिला घाम फुटला होता. "जमलं गं," आई म्हणाल्या. येताना दोघींनी पेरू घेतले, आणि ताईनं आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली. फार वाईट केली. पेरूवाल्यालाच तिची दया आली.

घसरलीही ती. एकदा आईंसाठी म्हणून एक महागडा फोन घेऊन आली, सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा. न सांगता घेतला होता. आईंनी तो हातात घेतला, कुरवाळला आणि म्हणाल्या, "परत करून ये. मला वाचून दाखवायला तू आहेस." ताईनं आजवर एकही वस्तू परत केलेली नव्हती. परत करायच्या लाजेपेक्षा तिनं नोकरी सोडली असती. मी सोबत गेले. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, रीटर्न का रीज़न?" ताई लाल झाली. इकडे तिकडे पाहिलं. आणि खालच्या आवाजात म्हणाली, "माँ ने मना किया है." त्या मुलानं तिच्या पिकल्या केसांकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे तेच कारण लिहून घेतलं.

अशी काही वर्षं गेली. ताई आईंकडून स्वयंपाक शिकली. आई खुर्चीवर बसून वासावरून सांगायच्या, आता पाणी घाल, आता उतरव. त्या खोट्या पाटल्या आईंनी तशाच ठेवल्या होत्या. ताई त्यांना आतून नखांना लावतात तसलं बिनरंगाचं पॉलिश लावायची, म्हणजे हात हिरवे होत नाहीत. "खऱ्या करून देते आई, आता जमेल मला," असं ती दर वर्षी म्हणायची. आई म्हणायच्या, "नको. याच बऱ्या. जड दागिना आता पेलवत नाही."

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात, धुकं आणि धूर एक झालेल्या दिवसांत, आईंना न्यूमोनिया झाला. इस्पितळाचा सगळा खर्च ताईनं केला, स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून, भावाला एक पैसा देऊ दिला नाही. त्याला ते फार लागलं, पण त्यानं ते मानलं. आईंना आत नेताना नर्सनं पाटल्या उतरवून ताईच्या हातात दिल्या आणि कागद पुढे केला. "गोल्ड है ना? यहाँ साइन कर दीजिए." तिथे आम्ही सगळे होतो, छावणीतल्या त्या जुन्या शेजारणींपैकी एक आली होती. ताईनं सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात सांगितलं, "सोने की नहीं हैं, सिस्टर. असली मैंने बेच दी थीं." आणि त्या स्वतःच्या हातात घालून ती बाकावर बसली. आई घरी आल्या नाहीत.

आम्हाला वाटलं होतं, आता ही पुन्हा सुरू होणार. माझा नवरा रोज ऑफिसातून तिला फोन करायचा, आणि बोलता बोलता कानोसा घ्यायचा की बेल वाजते का. बेल वाजली नाही. तिनं काही मागवलं नाही. त्याच दोन खोल्यांत ती राहते. हप्ते कधीच संपले. आता उलट आम्हीच तिला म्हणतो, ताई, एखादी साडी घ्या, हा कोट पार विटला आहे. ती म्हणते, बघू. कधी कधी मला ती जुनी ताई हवीशी वाटते, पोत्यांएवढ्या पिशव्या सांभाळत दारातून आडवी आत शिरणारी. मग मला माझाच राग येतो.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून तिच्याकडे आता कुणी कुणी येतं, तिच्यासारख्याच खोड्यात अडकलेलं. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा एक पंचविशीची मुलगी बसली होती, हातातल्या फोनकडे पुन्हा पुन्हा बघणारी. तिनं विचारलं, "दीदी, ये ठीक होता है?" ताईनं जरा विचार केला. "होता है. बिल्कुल होता है," ती म्हणाली. "बस, देर मत करना." मुलगी गेली. ऊन उतरायला आलं होतं. ताईनं कप विसळले आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आता माझ्याकडे पैसे आहेत, वहिनी. बरेच आहेत. त्यांचं काय करतात तेच कळत नाही."

मग तिनं खिचडी टाकली. आम्ही दोघी जेवायला बसलो. खिचडी छान झाली होती, जरा पातळ होती इतकंच. मी तसं म्हटलं.

"आईला तशी लागायची," ती म्हणाली. "हात अजून तेवढंच पाणी घालतो." आणि तिनं माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला.